तीन तासांचा विस्तव

खोली देताना घरमालकांनी एकच अट घातली: धूर नको. श्रीरामपुरात एकट्या बाईला खोली शोधताना मला तोवर बरंच काही विचारलं गेलं होतं. लग्न का केलं नाही इथपासून मटण शिजवता का इथपर्यंत सगळं त्यात आलं. धुराचं कुणी विचारलं नव्हतं. बहात्तर सालचा जून होता, शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता आणि मी एका सहशिक्षिकेच्या घरी तिच्या सासूच्या नजरेखाली पथारी टाकत होते. मी लगेच हो म्हटलं.

घरमालक म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. बायको वारलेली, एकुलता मुलगा कल्याणला रेल्वेतच नोकरीला. घरात ते आणि त्यांचा दमा. पुढची खोली त्यांची, मागची माझी. मधली भिंत कौलांपर्यंत पोचलेलीच नव्हती. वर दोन हात मोकळं होतं. त्यामुळे त्यांचा खोकला माझ्याकडे येई आणि माझा धूर त्यांच्याकडे जाई. देवाणघेवाण म्हणून पाहिलं तर फायदा माझाच होता.

"तीस वर्षं गाडीच्या शेपटाला बसून इंजिनाचा धूर खाल्ला, बाई," ते म्हणाले. "माझा कोटा भरला."

मी अकोले तालुक्यातल्या डोंगरातली. आमच्या घरी धूर हा कुटुंबातलाच एक होता, आणि इतरांपेक्षा कामाचा. चुलीवरच्या माळ्यावर भाताचं बी त्याच्यात वाळायचं, त्यामुळे किडीपासून वाचायचं. छपरातले किडे त्याला भिऊन असत. आई डोळे पुसत भाकरी थापायची आणि डोळ्यांत पाणी कशानं आलं ते कधी कुणी विचारायचं नाही. ती आदल्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून गावाहून मला पत्र येणं बंद झालं होतं, कारण पत्र लिहवून घेणारी तीच होती.

पहिल्या संध्याकाळी मी बाजारातून बाभळीची लाकडं आणली. विकणाऱ्यानं ती कडक वाळलेली असल्याची शपथ घेतली होती. चूल पेटवली, पिठलं ठेवलं, आणि भिंतीवर पलीकडून ठोका पडला. टक. मला वाटलं, शेजारधर्म. मी उलथन्याच्या मागच्या टोकानं उलट ठोका दिला. पुन्हा टक. मीही पुन्हा टक. नव्या घरात आल्या दिवशी कुणीतरी आपल्याशी बोलतंय याचं मला बरं वाटत होतं. तेवढ्यात दारात गार्डकाका उभे राहिले. डोळे लाल, एक हात छातीवर, एका हातात काठी.

"बाई," दम लागेल तसे शब्द तोडत ते म्हणाले, "ह्या गप्पा नव्हत्या."

मग त्यांनी ओट्यावर बसून श्वास जुळवला आणि नियम ठरवून दिले. एक ठोका म्हणजे धूर आला. दोन ठोके म्हणजे लाइन क्लिअर. जाता जाता माझ्या लाकडांतली दोन उचलून त्यांनी एकमेकांवर आपटली. वाळलेलं लाकूड टणकन बोलतं, म्हणाले, आणि हे ऐका, उशीवर बुक्की मारल्यासारखं. मुदत त्यांनी महिन्याची दिली. तोवर दुसरी सोय झाली नाही तर दुसरी खोली बघा. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते खरंच तसं करतील असं वाटलं.

मला त्या खोलीतून जायचं नव्हतं. तिथं मला कुणी काही विचारत नव्हतं.

आधी लोणारी कोळशाची शेगडी आणली. अंगणात पेटवायची, वारा घालायचा, निखारे लाल झाले की आत आणायची. धूर दिसेना. दोन ठोके मिळाले. तिसऱ्या दिवशी पावसाच्या झडीमुळे नव्हे, तर धुळीच्या वावटळीमुळे मी दार लावून स्वयंपाक केला आणि डोकं इतकं गरगरलं की तवा तसाच ठेवून बाहेर येऊन बसले. काका ओट्यावरच होते. घाटातल्या बोगद्यात गाडी अडकून पडली की काय होतं ते त्यांनी मला सांगितलं. जो धूर दिसतो त्याला माणूस भितो तरी, न दिसणारा शेजारी येऊन बसतो, असं ते म्हणाले. त्यांची काळजी या वेळी माझ्यासाठी होती. हे मला नंतर, भांडी घासताना लक्षात आलं. कोळसा बंद झाला.

मग वातीचा स्टोव्ह. एकट्या माणसाच्या रेशनकार्डावर रॉकेल मिळायचं ते एकटेपणाच्या सरकारी अंदाजाप्रमाणे: एकट्याला भूकही कमी लागते आणि अंधारही कमी पडतो. रांगेत उभं राहायला घरात दुसरं माणूस नाही, आणि रांग नेमकी शाळेच्या वेळेत. शिवाय विझवताना जो वास सुटे त्याला एक ठोका ठरलेला. गोवऱ्यांचा तर प्रश्नच नव्हता. पाऊस आलाच नाही, गुरं हाडं दाखवत फिरत होती, आणि शेण ज्याचं त्याला पुरत नव्हतं.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा आमच्या शाळेच्या मैदानावर निर्धूर चुलीचं प्रात्यक्षिक झालं. तालुक्यातल्या कुठल्याशा समितीनं ठेवलं होतं. मांडव, सतरंज्या, ध्वनिक्षेपक, आणि मधोमध एका कुंभारणीनं घडवलेली मातीची दोन तोंडांची चूल, पत्र्याचं धुराडं मांडवातून वर काढलेलं. मी आशेनं पहिल्या रांगेत बसले होते. शिवाय आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. पाहुणे दीड तास उशिरा आले आणि माता-भगिनींच्या डोळ्यांतल्या अश्रूंवर बराच वेळ बोलले. माता-भगिनी उन्हात बसल्या होत्या. मग त्यांनी चुलीला हळदकुंकू वाहिलं, कापराच्या वडीनं ती पेटवली, आणि चुलीच्या तोंडातून धुराचा लोट निघून थेट पाहुण्यांच्या तोंडावर गेला. अश्रू म्हणजे काय ते त्यांना तेव्हा नीट कळलं असावं.

कारण सगळ्यांना दिसत होतं. शोभा यावी म्हणून कुणीतरी धुराड्याच्या तोंडावर कलश बसवला होता, आंब्याच्या डहाळ्या आणि नारळासकट. देवळाच्या शिखरासारखं छान दिसत होतं. पण त्या कलशाची पूजा झाली होती, आणि पूजा झालेला कलश पाहुण्यांसमोर कोण काढणार? ढोल वाजवून कार्यक्रम पुरा केला. मी आभार मानताना चूल सोडून सगळ्यांचे मानले.

गर्दी पांगल्यावर कुंभारीण स्टुलावर चढली, कलश खाली घेतला, आणि दोन मिनिटांत चूल अशी ओढू लागली की तोंडाशी हात धरला तर धुराचा मागमूस नाही.

"सकाळीच सांगितलं असतं," ती म्हणाली, "पन मला कुनी इचारलंच न्हाई."

मी तिला माझी अडचण सांगितली. भाड्याची खोली, दम्याचा मालक, मुदत. मालक कौलांत धुराड्याला भोक पाडू देतील का, हाच पहिला प्रश्न तिनं विचारला, आणि माझ्या चेहऱ्यावरून उत्तर घेतलं.

"मग भुशाची शेगडी घ्या. लई गुनाची हाय. फकस्त येक हाय बगा, येकदा पेटली की तीन तास इझत न्हाई. घरात खानारी किती?"

"मी एकटीच."

"मग तीन तास काय करनार?" असं म्हणून ती कलश पुसायला लागली.

स्टेशनामागच्या लाकडाच्या वखारीजवळ एक पत्र्याचं काम करणारा तुपाच्या रिकाम्या डब्यांच्या शेगड्या करून द्यायचा. भुसा वखारीतून. तो निवडायला मी तिथंच शिकले. सागाचा भुसा बोटांतून वाळूसारखा गळतो, तो घ्यायचा. आंब्याचा ताजा भुसा मुठीत पेढ्यासारखा बसतो, तो कितीही स्वस्त दिला तरी सोडायचा, कारण तो जळत नाही, नुसता रडतो. शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडका तिच्या बुडाशी सारायचा, आणि चारी बाजूंनी भुसा ठासायचा. मग दांडका ओढून घ्यायचा आणि बाटली गोल फिरवत अलगद वर काढायची. मधे विहिरीसारखी पोकळी राहते, तिच्या भिंती आतून जळत जातात. बाटली माझ्याकडे नव्हती. काकांनी दिली. औषधाची आहे, म्हणाले. मी लेबल वाचलं नाही.

पहिले तीन प्रयत्न बाटलीबरोबरच ढासळले. चौथ्याला अंगणात पेटवली, पहिला थोडा धूर आभाळाला देऊन टाकला आणि दोन फडक्यांनी धरून शेगडी आत आणली. आच एकसारखी, आवाज नाही. भाकरी विस्तवावर फुगवायची सोय नव्हती, तव्यावरच उलटून भाजावी लागे. पण त्या संध्याकाळी भिंतीवर दोन ठोके पडले, तेव्हा मी उलथनं हातात धरून ऐकत राहिले. खोली राहिली.

कुंभारणीचं म्हणणं मात्र दुसऱ्याच दिवसापासून खरं ठरू लागलं. माझा स्वयंपाक म्हणजे दोन भाकरी आणि काहीतरी पातळ. अर्ध्या तासात मी जेवून मोकळी. शेगडी आठ माणसांच्या घरासाठी केलेली. ती अडीच तास तशीच, कुणाची तरी वाट पाहत बसल्यासारखी, जळत राही. पाणी ओतून विझवावी तर सगळा धूर एकदम. मी तिच्यासमोर बसून वह्या तपासल्या, दूध तीनदा तापवलं, आईची जुनी पत्रं वाचली. चौथ्या दिवशी भिंतीवर तीन ठोके दिले. हे नियमात नव्हतं.

काका काठी घेऊन दारात आले. गाडी रुळावरून घसरली का, असं विचारलं. मी म्हटलं, विस्तव उरलाय, गरम पाणी हवंय का?

तेव्हापासून ते रोज पातेलं घेऊन येत. पाणी उकळलं की त्यात निलगिरीचे दोन थेंब टाकायचे, ओट्यावर बसायचं आणि डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफारा घ्यायचा. विहिरी आटलेल्या, म्हणून तेच पाणी चार-चार दिवस चाले. आमचं बोलणं बहुतेक त्या टॉवेलखालून झालं. समोर तोंड नसलं की माणूस बरं बोलतो, हे मला शिक्षिका असून माहीत नव्हतं. दुष्काळावर झालेली भाषणं ते गार्डाच्या आवाजात म्हणून दाखवत, मी आमच्या मुख्याध्यापकांच्या सूचना वाचून दाखवी. त्र्याहत्तरचा उन्हाळा तसाच गेला. त्यांचा खोकला खरोखरच कमी झाला होता, आणि एक ठोका कसा वाजतो ते मी विसरत चालले होते.

एकदा मी सहज म्हटलं की काकूंनी पण इथं चूलच वापरली असणार.



"पंचवीस वर्षं," ते म्हणाले. "मी ड्यूटीवरून आलो की पहिलं विचारायची, आज इंजिनाचा धूर फार लागला का. मी एकदाही विचारलं नाही. शेवटी तिला माझ्यापेक्षा वाईट खोकला. डॉक्टर म्हणाला, ह्या विड्या ओढतात का?" मग थांबून, "ही शेगडी तेव्हाही मिळत होती, बाई. स्टेशनामागंच. माझ्या रोजच्या वाटेवर."

शेगडीत अजून तासभराचा विस्तव होता. मी पातेलं पुन्हा वर ठेवलं आणि त्यांनी टॉवेल पुन्हा डोक्यावर घेतला.

दिवाळीत मुलगा आला. सज्जन होता. वडिलांनी या वयात एकटं राहू नये, असं त्याला वाटत होतं, आणि ते बरोबरच होतं. काकांचं सामान दोन ट्रंकांत बसलं. भाडं तेच राहील, असं मला म्हणाला, पुढची खोली कुलूप लावून राहील, अधूनमधून झाडून घ्या. आणि माझी मोठीच अडचण दूर करत असल्यासारखा हसून म्हणाला, "आता धुराची कटकट नाही, बाई. काहीही पेटवा."

काकांनी टांग्यात बसण्याआधी माझ्या चौकटीवर काठीनं दोनदा ठोकलं. मला शाळेला उशीर होत होता, म्हणून मी स्टेशनवर गेले नाही. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

दीड महिन्यानं कार्ड आलं. तब्येत ठीक. सुनेकडे गॅस आहे, धुराचं नाव नाही. खाली बारीक अक्षरात: "पाणी दोन मिनिटांत तापतं. दोन मिनिटांत काय बोलणार."

भुशाची शेगडी मी काही दिवस चालवली. पुढं ते तीन तास एकटीनं निघेनात. पौषातल्या एका बाजारी मी लाकडं घ्यायला गेले, दोन उचलून एकमेकांवर आपटली. उशीवर बुक्की. मी तीच घेतली. घरी येऊन मातीची जुनी चूल झटकली, पेटवली, फुंकणीनं फुंकत राहिले. धूर आधी माझ्या डोळ्यांत आला, मग वर चढला आणि भिंतीवरून सरळ पलीकडे, कुलूप लावलेल्या खोलीत उतरला. मी फुंकणी हातात धरून उभी राहिले. पिठलं तळाला लागल्याचा वास येईपर्यंत उभी होते.

मग फुंकणीनंच भिंतीवर दोन ठोके दिले आणि पिठलं उतरवलं.