नववी नापास सुपरवायझर

तुमच्या बायोडाट्यातलं एक तरी वाक्य असं आहे का, जे जगात फक्त तुम्हीच लिहू शकता?

सुधाकरभाऊंच्या बायोडाट्यात नव्हतं. दोन पानांचा, इंग्रजीतला, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेला तो बायोडाटा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि स्वतः उभेच राहिले. मी वाचत गेले. 'आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे' हे त्यांचं ध्येय होतं. ते मेहनती, प्रामाणिक आणि टीममध्ये मिसळणारे होते. शेवटी छंद.

"भाऊ, तुम्हाला पोहायला आवडतं?"

"काहून?"

"इथं लिहिलंय."

"मले त पोहताच नाई येत, ताई," ते म्हणाले. "सायबर कॅफेवाल्यानं टाकलं असंन."

मी राजापेठेत एका जॉब सेंटरमध्ये बायोडाटे लिहिते. बाजूला ट्यूशन क्लास, खाली झेरॉक्स. दिवसाला आठ-दहा माणसं येतात. बहुतेकांना वाटतं की बायोडाटा हा एक फॉर्म आहे, नाव बदललं की झालं. दुर्दैवानं, लिहून देणाऱ्यांनाही तसंच वाटतं.

सुधाकरभाऊंनी खिशातून जाहिरातीचं कात्रण काढलं. अकोल्याच्या एमआयडीसीतली एक ट्रान्सपोर्ट कंपनी. पद: ड्रायव्हर सुपरवायझर. म्हणजे स्वतः गाडी न चालवता गाड्या चालत्या ठेवणारा माणूस. कोणत्या रूटवर कोण जाणार, कोणाची झोप झाली, कोणत्या गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट किंवा इन्शुरन्स संपत आलं, वाटेत गाडी बंद पडली तर काय करायचं, हे सगळं त्यानं पाहायचं. अट: बारावी पास, पाच वर्षं सुपरव्हिजनचा अनुभव.

"शिक्षण?"

"नववी. नापास."

"अनुभव?"

"सव्वीस वर्षं ट्रक. पण सुपरवायझरी नाई केली कधी. मी फकस्त गाडी चालवली."

मग ही नोकरी कशाला, असं मी विचारलं नाही. कारण त्यांनीच सांगितलं. पाठीचा मणका सरकला होता. डॉक्टरांनी लांबचा रूट बंद करायला सांगितलं होतं. दुसरं काम येत नव्हतं. म्हणजे एकतर हे काम, नाहीतर पुन्हा तेच स्टिअरिंग आणि एक दिवस रस्त्यातच पाय उचलणं बंद. हे त्यांनी चहाची ऑर्डर द्यावी इतक्या साध्या आवाजात सांगितलं.

पलीकडच्या टेबलावरून आमच्या सेंटरचे मालक मनोहरकाका बोलले, "टाकून दे बारावी. आणि पाच वर्षं सुपरवायझर. कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिले, काका."

"पोरी, सारे टाकतात. याचंच नाही टाकलं त यालेच नोकरी नाही भेटणार. तुह्या तत्त्वानं याचा मणका बरा होते का?"

काका वाईट माणूस नाहीत, आणि त्यांचा प्रश्न खरा होता. माझा राग त्यांच्यावर नव्हताच. सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाला उभं राहायला खोट्या मार्कशीटची काठी लागते, यावर होता. रागानं बायोडाटा लिहून होत नाही, म्हणून मी भाऊंना बसायला सांगितलं आणि प्रश्न विचारायला लागले. कोणती गाडी, कोणता माल, कोणता रूट. ते एका एका शब्दात उत्तरं देत होते. टाटा. संत्रा. मोर्शी ते कलकत्ता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी ओशाळून कट केला. पुन्हा वाजला.

"घ्या ना, भाऊ."

"बोल," ते फोनवर म्हणाले. मग बराच वेळ ऐकलं. "जेवला? ... पाणी मार तोंडावर. नाई, निंघू नोको. गाडी ढाब्याच्या अंगाले लाव अन् दोन घंटे झोप. मालकाले मी सांगतो... अरे, मी सांगतो म्हणलं ना!" फोन ठेवून त्यांनी लगेच दुसरा लावला. "शेठ, गाडी दोन घंटे लेट होईन. माल पोचन. पोरगा पेंगून राहिला. राग माह्यावर काढा."

मी पेन खाली ठेवलं. "हा ड्रायव्हर तुमच्या हाताखाली आहे?"

"नाई बा. दुसऱ्याच्या गाडीवर हाये."

"आणि शेठ?"

"त्याचा मालक. वळखीचा."

"मग तुमचं का ऐकतात?"

ते हसले. "आपसातलं हाये ते, ताई."

हे 'आपसातलं' काढायला मला पाऊण तास लागला. मोर्शीकडे संत्र्याच्या सीझनमध्ये माल भरायच्या एकेका शेडवर पंधरा-वीस ट्रक उभे असतात. कोणी आधी भरायचं, कोणी आधी निघायचं, हे व्यापारी ठरवत नाही, मालकही नाही. ड्रायव्हर आपल्यातल्या एकाला मानतात आणि तो 'नंबर लावतो'. त्याचं पद नाही, पगार नाही. अकरा सीझन अशाच एका शेडवर नंबर लावणारे सुधाकरभाऊ होते.

"कशावरून लावता नंबर?"

"डोये पाहून. ज्याचे डोये लाल, त्याची गाडी शेवटी."

"आणि कोणी म्हटलं की झोप झालीये माझी?"

"मंग चहा पाजतो. चहा घेता घेता जो बडबड करते तो ठीक. जो गिलास हातात धरून गप बसते, त्याले झोपवतो."

"हे बायोडाट्यात का नाही सांगितलं?"

आता ते खरंच दचकले. "असं लिहितात का? चार ड्रायव्हरायनं वाचलं त हासतीन मले. म्हणतीन, सुधाकर सोताले साहेब समजाले लागला."

ही चूक शिकलेला माणूस करत नाही. शिकलेला माणूस दोन दिवसांच्या ट्रेनिंगचंही सर्टिफिकेट लावतो. ज्याला माणसं मानतात, त्याला मात्र वाटतं की लिहिलं तर मान जाईल.

मी एकच पान केलं. मराठीत. काका म्हणाले, इंग्रजीत वजन पडते. मी म्हटलं, प्रत्येक ओळीच्या मागे भाऊंना उभं राहायचंय, म्हणून ओळ त्यांना वाचता आली पाहिजे. ध्येय काढलं. छंद काढले. वर नाव, फोन, हेवी लायसन्स. मग कामाची पाच वाक्यं, प्रत्येकात काय केलं आणि कुठं केलं. 'मोर्शीच्या शेडवर अकरा सीझन पंधरा ते वीस ट्रकांचा क्रम ठरवला. न झोपलेल्या ड्रायव्हरला गाडी काढू दिली नाही.' चहाची परीक्षाही लिहिली, जशीच्या तशी. शिक्षण लपवलं नाही: नववी. पाठीचंही लिहिलं, की लांबचं ड्रायव्हिंग करणार नाही.

खाली ओळख देणाऱ्यांची नावं हवी होती. रेफरन्स म्हणतात ते. लोक तिथं नगरसेवक टाकतात. मी म्हटलं, तीन ड्रायव्हर द्या. त्यांनी दोन दिले आणि थांबले.

"तिसरा?"

"गजानन होता. पण तो बोलत नाई माह्याशी दोन वर्षांपासून. मी त्याच्या गाडीची चाबी काढून घेतली होती. तापानं फणफणला होता अन् निंघून राहिला होता. साऱ्यायसमोर शिव्या देल्ल्या त्यानं मले."

मला तोच हवा होता. भाऊ नको म्हणत असताना मी नंबर फिरवला. गजानन वाटेत कुठंतरी चहाला थांबला होता. मी काम सांगितलं.

"त्यानं देला माहा नंबर?" गजाननने विचारलं.

"मी मागितला."

"लिवा," तो म्हणाला. "पण मी खरं ते सांगीन."

तरी लिहिलं. स्वतःला खरंच लिहिणारी म्हणवायचं आणि दुसऱ्याच्या खऱ्याला घाबरायचं, हे जमणार नव्हतं. भाऊ निघून गेल्यावर मात्र वाटलं, या माणसाचा मणका आपण आपल्या तत्त्वाला बांधला की काय.

इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी ते आले आणि या वेळी न सांगता बसले. अकोल्याला काय झालं ते त्यांनी सांगितलं तसंच लिहिते. मॅनेजरबाईंनी 'नववी' वाचली आणि कागद बाजूला सरकवला. म्हणाल्या, अट बारावीची आहे. भाऊ उठले. उठता उठता म्हणाले, "म्याडम, बाकीचं बी वाचा. पोरीनं मेहनतीनं लिवलं हाये." बाईंनी वाचलं. चहाच्या ओळीवर थांबल्या. मग खालच्या तीन नंबरांपैकी शेवटचा लावला, स्पीकरवर, त्यांच्यासमोर.

गजानन म्हणाला, "सुधाकर? आडमुठा माणूस हाये. मालकाचं ऐकत नाई. माही चाबी घेतली होती त्यानं."

"मग घेऊ नको म्हणता?"

"मी कुठं म्हणलं असं? त्याले घेतलं त तुमाले तरास होईन, म्याडम. तुमच्या ड्रायव्हरायले नाई होनार. त्या दिवशी मी निंघालो असतो त आज तुमाशी कोण बोललं असतं?"

बाईंनी फोन ठेवला आणि विचारलं, कधीपासून येता.

तीन महिने ट्रायल होती. ती संपून बरेच दिवस झाले. भाऊ आता यार्डात बसतात. पाठीला पट्टा आहे, समोर चहाचा थर्मास आहे आणि गाडी काढण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला त्यांच्यासमोर चहा घ्यावा लागतो. गजानन तिथंच कामाला लागलाय. दोघं अजून फारसं बोलत नाहीत म्हणे. मनोहरकाका मात्र नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट दाखवतात, "तिच्याकडे जा. वेळ लागते, पण पोहाले नाई लावत."

मला या एका पानाचा अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही. धडा म्हणाल तर कोरडाच आहे. कंपनी पदवी मागते, कारण माणसानं काय केलं हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. खोटं लिहून तिची ही सवय मोडत नाही, पक्की होते.

म्हणून एक काम करा. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, कोणीतरी 'मी फक्त' असं म्हणणारं असेल. फक्त गाडी चालवतो, फक्त डबे करते, फक्त गेटवर बसतो. आज कागद घेऊन त्यांच्यासमोर बसा. एवढंच विचारा: तुम्ही चार दिवस गेला नाहीत, तर तिथं काय काय अडतं? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि मग तो कागद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.