दोन मिनिटं, आवाज येत नाहीये

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाचं तोंड फारसं दिसत नाही. त्याला दिसते ती फ्रेम, नंबराची चिठ्ठी आणि काच. काच मशीनवर चढवायची, फ्रेमच्या आकाराला घासायची, धार आलेली कड बोथट करायची, बसवायची. बसवताना ती जराशी जरी फिरली, तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी काउंटरवर हजर होतं आणि म्हणतं, "नीट दिसत नाहीये." बस, एवढंच. लांबचं की जवळचं, दुहेरी की पुसट, काही पत्ता नाही. मग तो चष्मा मागच्या खोलीत येतो आणि काच किती फिरली आहे, हे या माणसाला शोधत बसावं लागतं.

'नीट दिसत नाहीये' या वाक्याचा त्याला मनापासून राग होता. त्याने कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स का धरलं आणि का सोडलं नाही, याचं निम्मं उत्तर त्या रागात आहे.

दुकानात त्याला पेंग्विन म्हणत. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, आणि त्याचं एक स्टिकर त्याच्या जेवणाच्या डब्यावर होतं. काउंटरवरच्या बाईंनी ते पाहिलं त्या दिवशी हे नाव पडलं. तो चालायचाही पाय फाकून, हात अंगाला चिकटवून. त्यामुळे लिनक्स कशाशी खातात हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही नाव एकदम पटलं.

घरचा कॉम्प्युटर जुना झाला होता. नवं विंडोज त्याला पेलवेना. भंगारात द्यायच्या आधी बघू तरी, म्हणून त्याने त्यावर लिनक्स टाकलं. फुकट होतं आणि जुन्या मशीनवर चालत होतं, पण त्याचा जीव जडला तो वेगळ्याच गोष्टीवर. काही बिघडलं की पडद्यावर कारण यायचं. अमुक फाइल सापडली नाही. तमुक जागी लिहायची परवानगी नाही. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं, ओळीमागून ओळ, आणि त्यात कुठेतरी नेमकं काय अडलं ते. असं बोलणारं एक तरी गिऱ्हाईक भेटावं, असं त्याला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं.

गेम खेळायचा नाद त्याला तरुणपणापासून. पण बहुतेक गेम लिहिले जातात विंडोजसाठी. ते लिनक्सवर चालवायचे तर मधे एक दुभाष्या प्रोग्राम लागतो; गेम विंडोजच्या भाषेत जे मागतो ते तो लिनक्सला समजावून देतो. हा दुभाष्या हुशार आहे, पण अधूनमधून अडखळतो. कधी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, कधी चित्र येतं आणि आवाज येत नाही. मग सेटिंग बदलायचं, पुन्हा चालवायचं, पुन्हा वाचायचं. तो खेळायचा थोडं आणि दुरुस्त करायचा जास्त. कुणी विचारलं तर म्हणायचा, "दोन मिनिटं. होतंय."

लिनक्सपायी कुणी नवरा सोडत नाही. त्याच्या बायकोनेही त्यापायी सोडला नाही. पण मुलीच्या शाळेतल्या नाचाचा व्हिडिओ बघायला तिच्या माहेरची माणसं घरी जमली होती, तो दिवस दोघांच्याही लक्षात राहिला. चित्र आलं. स्टेजवर छोटी पोरगी हातपाय हलवतेय, आणि आवाज नाही.

"दोन मिनिटं," तो म्हणाला आणि काळी खिडकी उघडून बसला.

"अहो, राहू द्या की. फोनवर बघू," सासूबाई म्हणाल्या.

"नाही नाही, झालंच."

चहा झाला. दुसऱ्यांदा चहा झाला. मेहुण्याने घड्याळ बघितलं, मग मेहुणीने बघितलं, मग सगळ्यांनी चपला घातल्या. माणसं जिना उतरली आणि खोलीत खणखणीत ढोल वाजू लागला.

"आला बघ!" तो ओरडला. तोंडावर खराखुरा आनंद.

बायको कप गोळा करत होती. ती म्हणाली, "तुला कोण आलं होतं ते आठवतंय का?" आणि कप घेऊन आत गेली.

पुढे ती मुलीला घेऊन दुसऱ्या शहरात गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. कागदांवर सह्या झाल्या, कपाटाची एक बाजू रिकामी झाली, आणि त्या बाजूला तो जुन्या केबल ठेवू लागला.

मुलगी मोठी होत गेली. नव्या शाळेतल्या मैत्रिणींबरोबर ती एक गेम खेळू लागली, होड्यांच्या शर्यतीचा. एका होडीवर दोघं: एक सुकाणू धरतो, दुसरा शीड सांभाळतो. चार होड्यांचा एक संघ. एका रविवारी दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, माझ्या शिडावर कुणी नाहीये. येतोस?"

एवढ्या वर्षांत तिने त्याच्याकडे असं काही मागितलेलं नव्हतं. त्याने तिथल्या तिथे गेम उतरवून घेतला. तो सुरू झाला नाही हे सांगायला नकोच.

"दोन मिनिटं," तो म्हणाला.

ती फोन स्पीकरवर टाकून बसून राहिली. तो काळ्या खिडकीतल्या ओळी वाचत होता, ती पलीकडे काहीतरी कुरतडत खात होती. मधेच म्हणाली, आज शाळेत एकीने मास्तरांची नक्कल केली आणि मास्तर दारातच उभे होते. तो हसला. ती म्हणाली, आईने पडदे बदलले. म्हणाली, मला गणित अजिबात जमत नाही, पण आईला सांगू नकोस. दुपार टळायच्या सुमारास होडी पाण्यात उतरली. मग दोघं खेळले, थोडंच.

त्यानंतर दर रविवारी हेच. गेमवाल्या कंपनीने काहीतरी बदललेलं असायचं आणि त्याच्याकडे काहीतरी मोडलेलं असायचं.

"आज काय?"

"आवाज येत नाहीये."

"मागच्या रविवारीही आवाजच होता ना रे?"

"तो वेगळा. तेव्हा अजिबात नव्हता. आता येतोय, पण फक्त पाण्याचा."

"बाबा, तू कठीण आहेस," ती म्हणायची आणि कुठलीतरी गोष्ट सांगायला लागायची. खेळ सुरू झाला की बोलणं संपायचं, कारण मग गेममधला माइक चालू व्हायचा आणि संघातली सगळी अनोळखी मंडळी ऐकत असायची. तिथे ती त्याला बाबा म्हणत नसे. "शीड सोड. डावीकडे. आवळ, आवळ!" बस.

सोमवारी काउंटरवरच्या बाई विचारायच्या, "काय पेंग्विन, बुडाली की तरली?"

"तरली."

"लेकीमुळे. तुमच्यामुळे नव्हे."

"मी शिडावर असतो."

"घरी होता तेव्हा कुठे होता?" असं बाई म्हणाल्या नाहीत. त्या तसं म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या. पण तो मशीनवर काच चढवता चढवता स्वतःच तसं म्हणाला, आणि ती काच त्याला बदलावी लागली.

मग कंपनीची सूचना आली. खेळात लबाडी करणाऱ्यांना पकडायला नवा पहारेकरी प्रोग्राम बसवणार; तो लिनक्सवर चालत नाही; सबब लिनक्सवरून येणाऱ्यांना पुढच्या महिन्यापासून प्रवेश बंद. लबाडी करायला लागणारं कसब त्याच्याकडे नव्हतं, त्याला साधं शीड वेळेवर आवळता येत नव्हतं. पण दार बंद होणार होतं हे खरं.

"विंडोज टाक ना," मुलगी म्हणाली. "सगळ्यांकडे असतं."

"बघतो."

"बघतो म्हणजे नाही. आई म्हणते, तू बघतो म्हणालास की समजायचं."

"आई आणखी काय म्हणते?"

"काही नाही. तुझ्याबद्दल आम्ही फार बोलत नाही." ती हे सहज म्हणाली. "टाकशील ना पण? नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल शिडावर."

हट्ट की रविवार, असा तो सरळ सवाल होता. आठवडाभर तो जेवताना डब्याच्या झाकणावरच्या पेंग्विनकडे बघत राहिला. बाईंना राहवलं नाही.

"अहो, धर्म बदलायला सांगितल्यासारखं काय तोंड केलंय! दोन चष्मे वापरतात की माणसं. एक वाचायचा, एक लांबचा."

त्याला हे पटलं. तो जुना कॉम्प्युटर मागेच भंगारात गेला होता, आताच्याला विंडोज पेलण्यासारखं होतं. त्याने एक वेगळी डिस्क आणली, लिनक्सची डिस्क काढून खणात ठेवली आणि नव्या डिस्कवर विंडोज घातलं. कुठे अडलं नाही. गेम उतरवला, तोही पहिल्या फटक्यात सुरू झाला. पाण्याचा आवाज, वाऱ्याचा आवाज, शिडाची फडफड, सगळं जिथल्या तिथे. बरोबर नंबराचा चष्मा घातल्यावर गिऱ्हाइकाला जसं होत असेल तसं.

रविवारी मुलीचा फोन आला.

"आज काय?"

"काही नाही. चालू आहे."

"खरंच? म्हणजे लगेच?"

"लगेच."

"मस्त! मग ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दुपारी ते पुष्कळ खेळले. तीन शर्यती जिंकले, ही गोष्ट त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडली. "आवळ. सोड. छान." शेवटी तिने गेममध्येच लिहिलं, 'बाय', आणि तिची होडी पाण्यावरून दिसेनाशी झाली. त्याने हेडफोन काढले. खोलीत पंख्याचा आवाज होता. गणिताचं काय झालं ते विचारायचं राहून गेलं होतं.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी फोनही आला नाही, गरजच नव्हती. ती गेममध्ये हजर असल्याचा हिरवा ठिपका दिसला, त्याने बटण दाबलं आणि तो तिच्या होडीवर चढला. खेळून झाल्यावर त्याने फोन लावला. ती म्हणाली, "आत्ताच तर भेटलो ना बाबा. मैत्रीण आलीये, ठेवते."

नंतरच्या रविवारी मात्र तो खोटं बोलला. सगळं ठणठणीत चालू असताना त्याने तिला फोन केला.

"आवाज येत नाहीये."

"रीस्टार्ट कर," ती म्हणाली.

"केलं."

"मग परत कर. विंडोजवर होतं तेवढ्याने. तोवर मी एक शर्यत मारून येते." फोन बंद.

तो बसून राहिला. हेडफोनमधून लाटांचा आवाज येत होता. तिच्या नावाचा हिरवा ठिपका 'शर्यतीत' असं दाखवत होता, आणि त्याच्या नावाखाली कंपनीने लिहिलं होतं, 'शीड – मोकळं'.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक चष्मा परत आला. "नीट दिसत नाहीये म्हणतात," बाईंनी सांगितलं. त्याने काच तपासली. काचेत काही दोष नव्हता. नंबरही बरोबर होता.

"मग काय सांगू त्यांना?" बाई म्हणाल्या.

"बसवून घ्या. विचारा जरा, नेमकं काय दिसत नाही ते. बोलू द्या त्यांना."

बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही म्हणताय हे?"

शनिवारी त्याने खणातली डिस्क पुन्हा बसवली.

रविवारी दुपारी त्याने फोन केला. "मी नाही येऊ शकणार. लिनक्सवर परत आलो."

"काय? का पण? इतकं छान चाललं होतं!"

त्याला कारण माहीत होतं. अमुक फाइल सापडली नाही, तसं ते एका ओळीत सांगता आलं असतं. त्याने ते सांगितलं नाही.

"असंच," तो म्हणाला.

"हट्टी आहेस तू," ती म्हणाली. शब्द तिच्या आईचा, सूरही थोडासा तसाच. "मला आता दुसऱ्या कुणालातरी घ्यावं लागेल."

"घे. पण फोन चालू ठेवशील? तू खेळ. मी इथे बघतो काही जमतंय का."

"जमणार नाहीये, बाबा. बंद केलंय त्यांनी."

"माहितेय."

तिने सुस्कारा टाकला. फोन टेबलावर ठेवल्याचा टक् असा आवाज आला. मग कळांची खडखड, आणि तिचा खेळातला आवाज, दुसऱ्याच कुणासाठी. "शीड सोड. उजवीकडे. अगं, आवळ ना!"

त्याने गेम चालवला. पडद्यावर एकच ओळ आली: या प्रणालीवरून खेळता येणार नाही. इतका स्पष्ट संदेश त्याला यापूर्वी कधी मिळाला नव्हता. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं आणि दुरुस्त करण्यासारखं तर काहीच नव्हतं. त्याने काळी खिडकी उघडली, एक सेटिंग बदललं, पुन्हा चालवलं. तीच ओळ.

पलीकडे दार वाजलं. लांबून बायकोचा आवाज आला. तो त्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"कोण आहे फोनवर?"

"बाबा."

"काय बिघडलंय?"

"नेहमीचंच."

"अजून?" आवाज म्हणाला, आणि दार लागलं.

एक शर्यत संपली असावी, कारण खडखड थांबली. खुर्ची मागे सरकली. कुरकुर आवाज आला, काहीतरी खाल्ल्याचा. तो हळूच कळा दाबत राहिला. बोललो तर ती फोन ठेवेल, असं त्याला वाटत होतं.

"काय म्हणतंय आता?" तिने तोंडात घास असताना विचारलं.

त्याने ओळ पुन्हा एकदा वाचली. "तेच म्हणतंय."

"मग दुसरं काहीतरी करून बघ," ती म्हणाली. "मी आहे अजून एक शर्यत."