पक्कं म्हणून सांगितलेलं वळण

शाळा चौथीपर्यंत, तेवढीच. पण शिंदखेड्याकडच्या आमच्या लायनीवर माझा शब्द साहेब कागदावर लिहून घ्यायचे. मी रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम. उन्हाळ्याआधी साहेब पायी यायचे, यंदा कुठं रुळाखालची खडी ठासून घ्यायची ते ठरवायला. मी लाकडी मोगरीनं स्लीपर ठोकत पुढं चालायचो. खाली खडी घट्ट असली तर आवाज टणक येतो, सुटलेली असली तर पोकळ. मी "पक्कं" म्हणालो की साहेब पुढं निघायचे. दुसऱ्या कुणाला विचारायचे नाहीत.

त्या वर्षी माझे कान जात होते. बायकोला आधी कळलं. स्वयंपाकघरातून ओरडली, "कान गयात का तुमना? दूध उतू गयं बठ्ठं!" मी उलट तिलाच रागावलो, तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस म्हणून. कान गेले म्हणजे मुकादमी गेली. कुणाला सांगितलं नाही. हाताला जे जाणवेल त्यावर सांगू, एवढी वर्षं काय झक मारली का, असं मनाशी म्हटलं. साहेबांना बाभळीजवळचं सगळं वळण पक्कं सांगून टाकलं. वळण खडी ठासायच्या यादीतून निघालं.

पंधरा दिवसांनी दुपारी त्याच वळणावर त्या बाभळीखाली आम्ही भाकरी खात होतो. मालगाडी आली. चाकागणिक स्लीपर खाली दबायचे, वर यायचे, कडेनं पांढरी भुकटी उडायची. एक नाही, सलग दहा-बारा. घास माझ्या तोंडातच राहिला.

गाडी गेल्यावर आमच्या कीमननं, रोज रूळ तपासत फिरणाऱ्या गड्यानं, मोगरी मारून पाहिली.

"नाना, हाई तं पोकळ शे. तुम्ही पक्कं सांगं व्हतं ना?"

"तवय पक्कंच व्हतं."

"मंग काय, रातले उंदरे कोरी गयात का?"

बाकीचे हसले. मला हसू येईना. थोड्या वेळात पॅसेंजर होती. जळगावच्या दवाखान्याला निघालेली माणसं, लेकुरवाळ्या बाया, सगळे त्याच वळणावरून जाणार.

साहेबांना फोन लावला. "साहेब, वळण पोकळ आहे. गाडी हळू काढायला सांगा." पलीकडून काहीतरी बोलले. मला एक शब्द कळेना. "साहेब, मला ऐकू येत नाही. तेव्हाही येत नव्हतं," असं म्हणालो आणि फोन कीमनच्या हातात दिला. कुणी हसलं नाही.

लाल झेंडी घेऊन मी गाडी येते त्या बाजूला पळालो. उभा राहिलो, तर नवीनच भीती. गाडीची शिट्टी मला ऐकू येणार नव्हती. पापणी लवू न देता रुळाकडं बघत होतो. झेंडी सारखी हलवत राहिलो. इंजिन दिसलं, वाढत गेलं, थांबलं. मग माणूस चालतो तशा चालीनं गाडी वळणावरून गेली. शेवटचा डबा जाईपर्यंत मी स्लीपरांकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मी पक्कं म्हटलेली सगळी ठिकाणं परत ठोकायला लावली. मोगरी कीमनच्या हातात. मी आपणहून मागून चालत होतो आणि दर ठोक्याला आवाज कसा आला ते त्याच्या तोंडावर बघत होतो.