फळीखालचे दहा क्रेट

"मॅडम, हे वाचा," म्हणत ग्लेनने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. ग्लेन म्हणजे आमच्या ब्रुअरीचा मालक. वसईजवळच्या पापडी गावचा, चाळिशीच्या आतला, स्वतःच्या बीअरवर पोटच्या पोरासारखा जीव असलेला. स्क्रीनवर गिऱ्हाइकांचे मेसेज होते. 'या वेळची एक नंबर.' 'आता कशी कडक झालीय.' 'झाकण काढलं की भसकन वर येते, मजा आली.' शेवटचा जरा लांब होता: 'मागच्या आठवड्यात घेतली तेव्हा गोडमिट्ट होती, तिचीच दुसरी बाटली काल उघडली तर झकास. काय जादू केलीत?'

ग्लेन हसत होता. मी तो शेवटचा मेसेज दोनदा वाचला.

त्या दोन्ही बाटल्या एकाच बॅचच्या होत्या. एकाच दिवशी, एकाच टाकीतून भरलेल्या. आठवड्याभरात चव बदलली याचा अर्थ बाटलीच्या आत अजून काम चालू होतं. झाकण लावल्यावर आत काम चालू राहणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट.

थोडं समजावून सांगते. मी वीस वर्षं एका डेअरीत दही-ताक तपासलं आणि मग वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या या छोट्या ब्रुअरीत क्वालिटी बघायला आले. विरारच्या आमच्या सोसायटीत मी अजूनही 'फूड कंपनीत' आहे. यजमानांनीच तसं सांगून ठेवलंय. मी बीअर पीत नाही, चाखते आणि थुंकते.

बीअर म्हणजे मुळात जवाचं गोड पाणी. त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल होतं आणि गॅस होतो. जास्तीचा गॅस टाकीतून निघून जातो. खाणं संपलं की बाटल्या भरायच्या. आमचं जुनं यीस्ट पानात टाकणारं होतं. थोडी साखर तशीच सोडायचं, म्हणून आमची बीअर जराशी गोड लागायची. ग्लेनला ती हलकी, कोरडी हवी होती. त्याने बेल्जियमकडच्या गावठी बीअरचं यीस्ट मागवलं. हे पान चाटूनपुसून साफ करतं. फक्त त्याला एक खोड आहे, जेवता जेवता ते मध्येच डुलकी काढतं. मी हे वाचलं होतं. पण वाचलेलं आणि अंगवळणी पडलेलं यांत जिंकतं ते अंगवळणी पडलेलंच.

साखर किती उरली हे मोजायला काचेची तरंगती नळी असते, दूधवाल्यांच्या लॅक्टोमीटरची बहीणच. तीन दिवस रीडिंग सारखं आलं की काम संपलं असं मी धरायचे. या बॅचचं रीडिंग तीन दिवस दहावर होतं. दह्याचं असंच असतं, एकदा लागलं की लागलं. ग्लेनने विचारलं, भरूया? मी शीटवर सही केली. यीस्ट तेव्हा झोपलेलं होतं.

पहिल्या आठवड्यात लोकांनी नाकं मुरडली होती. नवीन यीस्ट म्हणता आणि चव तर तीच, असं म्हणाले. ग्लेनचं तोंड उतरलं होतं. आता तो गावभर मेसेज दाखवत फिरत होता.

प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या आम्ही कपाटात राखून ठेवतो. मी गॉगल लावला, एक बाटली जाड टॉवेलमध्ये गुंडाळली आणि सिंकवर उघडली. फेस छताला लागला. उरलेल्या बीअरमधला गॅस घुसळून काढला आणि नळी सोडली. रीडिंग पाच. म्हणजे मधली पाच घरं साखर बाटलीतच खाल्ली गेली होती, तिचा सगळा गॅस आत कोंडला होता, आणि खाणं अजून संपलेलं नव्हतं. मी नळी खाली ठेवली आणि ग्लेनला शोधायला गेले.

"परत मागवायला लागतील," मी ग्लेनला म्हटलं. "सगळ्या."

"एक तरी फुटली का?"

"अजून नाही."

"मग? मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा लोक आपणहून चांगलं लिहितायत."

"त्यालाच मी घाबरलेय."

तो ऐकायला तयार नव्हता. बाटल्या दुकानांत फ्रीजमध्ये आहेत, थंडीत यीस्ट झोपतं हे तुम्हीच शिकवलंत, असं म्हणाला. ते खरं होतं. मी विचारलं, फ्रीजबाहेर कोणाकडे आहेत? ग्लेन म्हणाला, पाचूबंदरच्या कोळीवाड्यात बस्त्यावशेठच्या मुलीचं शनिवारी लग्न आहे. परमिट काढून दहा क्रेट घेतलेत. चार दिवस झाले पोचवून.

"कुठे ठेवलेत?"

"जाळ्यांच्या खोलीत," तो म्हणाला. "वर पत्रा आहे." बोलता बोलताच त्याचा चेहरा बदलला. मे महिना होता.

बस्त्यावशेठ म्हणजे दोन बोटींचे मालक. त्यांचा फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. लग्नघरात स्पीकर लावल्यावर फोन कोणाला ऐकू येणार? ग्लेनने व्हॅन काढली. पूल ओलांडला, पारनाक्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो. सगळ्या वाटेने मी फोन लावत होते. जाड काचेची बाटली फुटली की तुकडे कसे उडतात हे मी धंद्यातल्या एका जुन्या माणसाच्या हातावर बघितलं होतं. दोन बोटं कायमची वाकडी. तो हात डोळ्यांपुढून हलेना. मला देव आठवायला लागले, आमचेही आणि ग्लेनचेही.

बस्त्यावशेठ मांडवातच भेटले. आम्हाला बघून खूश झाले. "फ्रीजमदी कुठं मावनार दहा क्रेट? हायेत तिकडं, सावलीला," म्हणाले आणि चहा सांगायला वळले. आम्ही खोलीकडे गेलो. दारापर्यंत सुकट-बोंबलाचा वास आणि आत भट्टीसारखी धग. दहा क्रेट दोन रांगांत लावले होते. त्यांवर बोटीची एक लांब जाड फळी टाकून बाक केला होता. त्या बाकावर पाच बायका बसून लग्नाचे तांदूळ निवडत होत्या. मधोमध नवरी.

ओरडावं असं फार वाटत होतं. पण ओरडले असते तर त्या दचकून उठल्या असत्या, फळी आपटली असती, आणि ताणलेल्या बाटलीला तेवढा धक्का पुरतो. मी शक्य तितक्या हळू म्हटलं, "जरा बाहेर येता का सगळ्या?"

"तूच बस ना, बाय," कडेची बाई हसून म्हणाली आणि सरकून तिने मला जागा करून दिली. फळी करकरली. खाली काचेला काच लागल्याचा बारीक आवाज आला.

मागून ग्लेनने प्रेशर, टेक्निकल इश्यू असं काहीबाही सुरू केलं. कोणी लक्ष दिलं नाही. मालक माणूस, आपला माल तपासायला आला असेल, असंच त्यांना वाटलं असणार.

दाराशी जमिनीवर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. बस्त्यावशेठची आई, कातरीन आजी. सगळी घरची कामं तिच्या नजरेखाली चाललेली दिसत होती. मी तिच्याशेजारी टेकले आणि कानाशी म्हटलं, "आजी, या बाटल्यांमधलं अजून आंबतंय. आणि झाकणं घट्ट आहेत."

तिचे हात थांबले. "ताडीवानी?"

"ताडीसारखंच."

तिने वर तापलेल्या पत्र्याकडे बघितलं, मग फळीकडे. "ताडीच्या बाटलीला कोन घट्ट बूच मारतं गं? आनि असं उकाड्यात ठेवतं?"

"मी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे एक क्षण बघितलं. जे मी वीस वर्षांच्या अनुभवानंतरही विसरले ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मग ती भिंतीला धरून उठली आणि तिने बायकांना सांगितलं, "पोरींनो, सुपं तशीच ठेवा. कडेच्या दोघी आदी उठा. हलू. फली हलली नाय पायजे." तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, एकीनेही का म्हणून विचारलं नाही. कडेच्या दोघी उठल्या, मग त्यांच्या शेजारच्या. नवरी शेवटी राहिली. तिच्या मांडीवर सूप होतं. आजीने ते वरच्या वर काढून घेतलं, मुलीच्या दोन्ही दंडांना धरलं आणि तिला सरळ उभं केलं. मग तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडला.

बस्त्यावशेठ धावत आले आणि क्रेट लगेच बाहेर काढायला निघाले. मी त्यांच्या आडवी झाले. आता उचलायचं नाही, आधी गार करायचं, असं सांगितलं. गार झालं की गॅस बीअरमध्ये विरघळतो आणि काचेवरचा ताण उतरतो. त्यांनी बर्फाचं नाव काढलं. मच्छीमाराच्या घरी बर्फाला काय तोटा! पण तापलेल्या काचेवर एकदम बर्फ टाकला तर काच तडकेल, म्हणून आधी नुसत्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं घालायची होती.

ती घालायला मी आत गेले. ग्लेन मध्ये पडला, मी जातो म्हणाला. बरोबर आणलेला गॉगल एकच होता आणि शीटवर सही माझी होती. मी धाडसी बाई नाही. पाल दिसली तर खोली सोडते. त्या खोलीत गोणपाटाचं पाणी माझ्याच साडीवर सांडत होतं. तीन गोणपाटं फळीच्या कडेने अंथरली आणि चौथं घ्यायला दाराबाहेर आले.

तेवढ्यात आवाज झाला. फटाक्यासारखा नाही, जड, बसका. फळी जागची उडून परत बसली. लगेच दुसरा, तिसरा. मग काही नाही, फक्त बीअर जमिनीवर वाहत आल्याचा आवाज आणि यीस्टचा आंबूस वास. बाहेर कोणीतरी स्पीकर बंद केला. नवरी रडायला लागली.

नंतर आम्ही कोणी आत गेलो नाही. लांब बांबूने गोणपाटं ढकलली, दारातून पाइपने पाणी मारलं, आणि बऱ्याच वेळाने फावड्याने बर्फ टाकला. उन्हं कलेपर्यंत खोली कोल्ड स्टोरेज झाली. मग क्रेट एकेक करून मासळीच्या बर्फाच्या पेट्यांत गेले आणि मी टॉवेल धरून एकेक झाकण काढलं. सगळी बीअर वाळूत ओतली.

फळी बाहेर आणून उलटी केली तेव्हा तिच्या खालच्या अंगाला काचेचा एक तुकडा घुसलेला दिसला. जिथे नवरी बसली होती बरोबर तिथे. ग्लेनने तो ओढून बघितला. निघेना. त्याने बोटाने लाकूड चाचपलं. तुकडा जवळजवळ आरपार गेला होता. तो तिथेच वाळूत बसला, खिशातून फोन काढला आणि एकेका दुकानदाराला स्वतः फोन लावायला लागला. मेसेज लिहिणाऱ्या प्रत्येकालाही त्याने फोन केला. फ्रीजमधून काढू नका, हलवू नका, माणूस येतोय.

लग्नाला आम्ही जुनी गोड बीअर पिंपातून पाठवली. कोणी तक्रार केली नाही. एक्साइज खात्याला लेखी कळवलं. मी राजीनामा दिला, तो ग्लेनने फाइलला लावला आणि दुसऱ्या दिवशी मला नवीन बॅचची शीट आणून दिली. आता प्रत्येक बॅचचा थोडा नमुना मी उबदार कपाटात, सैल झाकणाखाली पंधरा दिवस ठेवते. तिथलं आणि टाकीतलं रीडिंग जुळल्याशिवाय सही करत नाही. ग्लेन चुळबुळतो, पण घाई करत नाही.

या धंद्यात तक्रार आली की सगळे बाटली तपासतात. कौतुक आलं की कोणी तपासत नाही. मी आता कौतुक करणाऱ्यालाही बॅच नंबर विचारते. लोकांना ते विचित्र वाटतं.

परवा राजोडीला आमच्या बीअरचा एक जुना शौकीन भेटला. ती मे महिन्यातली बॅच म्हणजे तुमच्या ब्रुअरीचं सर्वांत भारी काम, म्हणाला, परत का करत नाही? मी नाही म्हटलं.

"एवढं काय घाबरता मॅडम? लोकांना आवडली होती ना."

"हो," मी म्हटलं. "घाबरते."