शेवट कसा करावा

दत्ता गेल्याचं मला त्याच्या ब्लॉगवर कळलं. ‘सर, भूकंपाची गोष्ट कधी टाकताय?’ या कुणाच्या तरी प्रश्नाखाली त्याच्या मुलीनं लिहिलं होतं, ‘बाबा गुरुवारी गेले.’ नांदेडहून लातूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. महिना झाला, मला अजून एका जागी बसवत नाही...

लातूरच्या एका क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो. तो फिजिक्स, मी इंग्रजी. क्लासेसचे दिवस भरात होते, दोन बॅचच्या मध्ये चहाही उभ्याउभ्याच व्हायचा. तेवढ्यात दत्ता सराव परीक्षेच्या उरलेल्या पाठकोऱ्या पेपरांवर गोष्टी लिहायचा. गाव भूकंपात गेलं, एवढंच त्यानं सांगितलं होतं. पुढं विचारलं की विषय बदलायचा. एकदा त्यानं भूकंपाची गोष्ट वाचायला दिली. भिंत पडते, भाऊ एकटाच बाहेर पळतो, धाकटी बहीण मंदा आत राहते. मी शहाण्यासारखा शेवटच्या पानावर पेन्सिलीनं शेरा मारला : ‘पटत नाही. सख्खा भाऊ असं करणार नाही. शेवट बदल.’ त्यानं तो वाचला आणि म्हणाला, राहू दे तुझ्याकडंच.

पुढं मी नांदेडला आलो, त्यानं ब्लॉग काढला. गोष्ट कशी सुचते, पात्रांना नावं कशी द्यावीत... शेवट कसा करावा यावर तर सात लेख. वाचक वाढत गेले, गोष्ट एकही नाही. मी चिडायचो. नुसती पाककृती सांगतोस, जेवायला कधी वाढणार, म्हणून फोनवर छेडायचो.

“कशी लिहिली ते सांगितलं की लोक ओसरीवर चहा पिऊन जातेत,” तो एकदा म्हणाला. “गोष्ट टाकली की घरात घुसतेत रे.”

मला ती पळवाट वाटली.

परवा पुन्हा लातूरला गेलो, तेव्हा सुमनवहिनींनी दाराजवळच्या दोन पलंगांकडं बोट दाखवलं.

“मी न् पोरगी इथं. हे सगळ्यात आतल्या खोलीत झोपायचे, भाऊजी. आधी तुम्ही निघायचं, म्हणायचे. मंदाच्या येळी मीच आधी पळालो...”

मला मान वर करता येईना. गोष्ट माझ्याकडं आहे, एवढं कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग टाका आता.

काल टाइप केली. शेवट जसाच्या तसा. मुलीनं ती ब्लॉगवर टाकल्यावर मी मूळ पान घेऊन खोडरबरानं माझा शेरा पुसत बसलो. शिसं गेलं. पण तेव्हा मी इतकं दाबून लिहिलं होतं, की पान उलटलं तर फिजिक्सच्या प्रश्नांमध्ये ती अक्षरं अजून बोटाला लागतात.