खुंटीवरची माळ

मी वाचायला शिकले ती दारूबंदीच्या पत्रकांवर. अप्पा छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. वाया गेलेले कागद ते घरी आणत आणि आई त्यांत मिरच्या बांधण्याआधी मी ते वाचून काढी. तमिळ पत्रके अप्पांच्याच छापखान्यातली असत, मराठी पुण्याहून टपालाने येत. त्यांतली मराठी आमच्या घरच्यासारखी नव्हती. पुण्याकडचा एक पाहुणा आमचे बोलणे ऐकून म्हणाला होता, "तुम्ही सगळे पोथीतून उठून आल्यासारखे बोलता." मला राग आला होता, पण पत्रकांची भाषा मी उचलली. तीत ठणकावून बोलता येत असे.

आमची गल्ली शिंप्यांची. तंजावरच्या राजांमागून आमचे लोक इकडे तमिळ मुलखात आले. पुढे राज्य खालसा झाले, राजे गेले. आमच्याकडे विठोबा आणि कात्री राहिली. गल्लीच्या टोकाला आमचा मठ आहे आणि मठामागे एक लांबट खोली, मठातूनच जायची. तिथे पूर्वी उत्सवाची पितळी भांडी ठेवत. खोली रिकामी करून दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी वापरावी, ही कल्पना अप्पांची. सरकार दर साली ताडीच्या दुकानांचा लिलाव करी, आणि त्याच दुकानांतून लडखडत निघालेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात खाट मिळत नसे. त्याला मिळे ती पोलीसचौकीतली फरशी. या एका गोष्टीवर अप्पा मठात इतके बोलले की भांडी दुसऱ्याच दिवशी हलली.

निवृत्त झालेले एक डॉक्टर खोली पाहायला आले. ते अप्पांच्या ओळखीचे. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकत होते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकदम सोडली की हात कापतात, नसलेल्या गोष्टी दिसतात, कधी जिवावरही बेतते. म्हणून पहिले काही दिवस जवळ माणूस हवे, पेज आणि ताक देत राहावे, आणि फारच बिघडले तर मला बोलवा, असे त्यांनी सांगितले. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "आणि एक. पहिल्यांदा सोडलेली बहुतेक जण पुन्हा धरतात. तेव्हा काय करायचं, ते आत्ताच ठरवून ठेवा."

मठ चालवणाऱ्या मंडळींनी मान डोलावली. ठरवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नाही, कारण आमच्यात ते आधीच ठरलेले होते. दारू सोडायची तर विठोबासमोर उभे राहून शपथ घ्यायची आणि तुळशीची माळ घालायची. शपथ मोडली तर आपल्याच हाताने माळ उतरवून मठाच्या दाराजवळच्या एका खुंटीला अडकवायची आणि उंबऱ्याबाहेर व्हायचे. त्याला बोलवायला कुणी जायचे नाही. जो बोलावील तो त्याच्या पापाचा वाटेकरी. मंडळींनी खोलीलाही हाच नियम लावला: गळ्यात माळ असेल त्यालाच आत चटई मिळेल.

पहिल्या चटईवर माझा मामा आला. आईचा धाकटा भाऊ. तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांवरची पोलकी तो शिवी, आणि मठात भजनाला मृदंग वाजवी. हात कापू लागले ते मृदंगावर कुणाला कळले नाही, पण पोलक्याच्या काजांनी गुपित फोडले. गिऱ्हाईके परत येऊ लागली. मग एके सकाळी तो आपण होऊन आला, माळ घातली आणि खोलीत जाऊन पडला.

ते दिवस वाईट होते. त्याला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसे आणि तो ती झाडत बसे. आई उशाशी बसून म्हणे, "झाडल्या रे, सगळ्या झाडल्या." डॉक्टर आले, औषध देऊन गेले. हळूहळू ताप उतरला, मुंग्या गेल्या आणि मामाची जीभ परत आली.

"अक्का, ही पेज तू केलीस की कपड्यांना घालायची खळ उरली होती?"

"गीळ मुकाट्याने."

"गिळतो. पोटाला इस्त्री केली म्हणजे झालं."

खोलीतले बाकीचे हसले. मी पहिल्यांदा त्या खोलीत हसणे ऐकले आणि मला वाटले, आम्ही जिंकलो. पत्रकांत गोष्ट इथेच संपते. माणूस प्याला फेकतो, बायकामुले आनंदाने रडतात, खाली छापखान्याचे नाव.

मामा दुकानात परत बसला. भजनात त्याचा हात असा पडू लागला की म्हातारे लोक मान वळवून पाहत. मग तो एका लग्नाचे कपडे पोचवायला तिरुभुवनमला गेला. परतताना मायवरमच्या रस्त्यावर, माडांच्या सावलीत ताडीचे दुकान लागते. तिथे काय झाले ते त्याने कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मठ झाडायला गेलेली बाई सांगत आली की खुंटीवर माळ आहे.

आईने पेजेचे भांडे चुलीवर चढवले. अप्पा म्हणाले, "कुणासाठी?"

"माझ्या भावासाठी. हात पुन्हा कापतील त्याचे."

"खोलीत नाही आणता यायचं त्याला."

"मी खोलीचं नाव घेतलं?"

ती पदराखाली भांडे झाकून त्याच्या घरी गेली. तिथे ती एकटी होती. डॉक्टर मठाच्या खोलीत येत, शेजारी बसायला माणसे मठात होती, औषधाची बाटली मठाच्या कोनाड्यात होती. सगळी तजवीज आम्ही अशा दाराआड केली होती की ज्याला ती हवी तोच बाहेर राही. मी अप्पांना तसे म्हटले.

"हे कसलं औषध? बऱ्या झालेल्यालाच मिळतं!"

अप्पा चिडले नाहीत. ते म्हणाले, "शपथ माझ्यापुढे घेतली असती तर मी सोडलीही असती. ती त्याने देवापुढे घेतली. ती ढिली करणारा मी कोण?"

"मग चटईसुद्धा देवाची आहे का? ती तर तुम्ही बाजारातून आणली."

"तोंड सांभाळ."

मी सांभाळले नाही. जेवताना बोलले, ते कामावर निघताना बोलले. त्यांनीच आणलेल्या कागदांवर शिकलेले सगळे शब्द मी त्यांच्यावर फेकले. पण मंडळींत बाईमाणसाला जागा नव्हती. तिथे अप्पांनाच बोलावे लागणार होते, आणि अप्पा गप्प होते. दरम्यान खुंट्यांवर माळा वाढत गेल्या आणि खोलीतल्या चटया रिकाम्या पडल्या. एकदा डॉक्टर आले, रिकाम्या चटयांकडे पाहिले आणि "सगळे बरे झाले वाटतं," एवढेच म्हणून गेले. त्या संध्याकाळी अप्पा जेवले नाहीत.

पुढच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. कुणी म्हणाले, मठाची धर्मशाळा होईल. कुणी म्हणाले, मेहुण्यासाठी कायदा वाकवता आहात. अप्पा म्हणाले, "हो, मेहुण्यासाठीच. तुमच्या भावासाठीही वाकेल." दोन बैठका भांडणात गेल्या. शेवटी ठरले: माळ ज्याला हवी त्याला, खोली सगळ्यांना, कितीदाही. आणि जो यायचा थांबेल त्याच्या घरी मंडळींनी जायचे.

ही बातमी घेऊन मीच मामाकडे धावले. तो ओट्यावर मशीनला टेकून बसला होता. चेहरा सुजलेला, पायही. मी एका दमात सगळे सांगितले.

"वा! भावोजींनी मोठीच लढाई मारली की," तो म्हणाला. "आणि पांडुरंगाचं काय म्हणणं पडलं? तो होता का बैठकीला?"

"मामा, थट्टा नको. चल."

"पोरी, तुझा बाप ठराव फिरवेल. मी पांडुरंगासमोर बोललेला शब्द कुणाकडून फिरवून आणू?"

"शब्द राहू दे. नुसता झोपायला चल. डॉक्टर येतील."

"माळ खुंटीवर आणि मी चटईवर? जाता-येता ती दिसेल ना गं मला."

"मी काढून ठेवते ती."

तो एकदम गंभीर झाला. "हात लावू नकोस. ती माझ्या हाताने गेली तिथे."

मला पत्रकातले काही आठवेना. नियम ज्यांनी केला त्यांनी तो सोडला होता. ज्याच्यावर तो चालला त्याने धरून ठेवला. आम्हीच त्याला लहानपणापासून मठात बसवून हे शिकवले होते. तो आमच्यातला सगळ्यांत चांगला विद्यार्थी निघाला, एवढेच.

अप्पा त्याला बोलावून आले, डॉक्टरही त्याच्या घरी जाऊन आले. औषध त्याने घेतले, पण उंबरा ओलांडला नाही. भजनाच्या वेळी तो मठासमोरच्या ओट्यावर येऊन बसे. आत दुसराच कुणी मृदंग वाजवी, आणि बाहेर मामाची बोटे मांडीवर चालत. वाजवणारा चुकला की मामा जोरात म्हणे, "अय्यो, मारलंस रे त्याला!" आतले हसत. आत ये, असे कुणी ना कुणी रोज म्हणे. तो म्हणे, "इथून बरं ऐकू येतं."

ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमाराच्या पावसात, त्याला कावीळ झाली. आईच्या मांडीवर तो गेला.

त्याला न्यायच्या आधी अप्पा मठात गेले. ते माळ घेऊन आले. तिच्यावर धूळ बसली होती. त्यांनी अंगवस्त्राने एकेक मणी पुसला आणि ती मामाच्या गळ्यात घातली. मंडळी उभी होती. कुणी हरकत घेतली नाही. माझ्या मनात आले, एवढेच तर करायचे होते. श्वास चालू असताना का नाही केले? मी ते मोठ्याने म्हणाले की नाही, आठवत नाही. आईने माझा हात घट्ट धरला, म्हणजे म्हणाले असेन.

खोली चालू आहे. चटया भरलेल्या असतात. काही जण तिसऱ्यांदा, चौथ्यांदा येतात आणि आई त्यांना तीच पेज वाढते. मामाचा तेरावा व्हायच्या आधीच तिरुवलंचुळीकडचा एक माणूस दाखल झाला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि दाराजवळच्या, मामाची माळ काढलेल्या त्या रिकाम्या खुंटीला आपला ओला सदरा अडकवला. सदऱ्याचे पाणी उंबऱ्यावर ठिबकत होते, आईने खाली एक भांडे ठेवले.