नवरीचा पाय वाळूला लागू नये म्हणून

माझी नणंद झुवैना गाडी वाळूत रुतू नये म्हणून चाकातली हवा सोडते तेव्हा तिच्या ओठांवर कुराणातलं कुल हुवल्लाह असतं. किल्लीच्या टोकाने नळीतली पिन दाबायची आणि हवा फुसफुसू लागली की सूरह म्हणायला सुरुवात करायची. हिवाळ्यात सकाळी वाळू घट्ट असते, तेव्हा एका चाकाला कमी वेळा म्हणायची, उन्हाळ्यात दुपारी जास्त. हवा मोजायचं यंत्रही आहे तिच्याकडे. ते ती सगळं झाल्यावर लावून बघते, आणि ते बहुतेक तिचंच ऐकतं.

मी नवी सून होते तेव्हा मला ते खटकलं होतं. म्हटलं, "अगं, पाक कलाम कुठे आणि रबराचं चाक कुठे!"

"तू पीठ मळताना म्हणतेस ना? तुझी भाकरी कच्ची राहिली तर माणूस उपाशी राहील. माझं चाक चुकलं तर माणूस घरीच यायचा नाही."



आमच्या वहिबाच्या वाळवंटात नवरी आईच्या गालिच्यावरून उठते आणि सासरच्या गालिच्यावरच उतरते. मधे तिचा पाय वाळूला लागता कामा नये. गाडी रुतली आणि पोरीला उतरावं लागलं की संपलं. आमच्यात एक म्हातारी आहे, नातवंडांची लग्नं झाली तरी तिला अजून 'वाळूत उतरलेली' म्हणतात. वस्तीतल्या सगळ्या नवऱ्या झुवैनाने आपल्या जुन्या पिकअपमधून पोचवल्या. एकीलाही उतरावं लागलं नाही. नवरा गेल्यापासून तिच्याजवळ मिरवायला हेच एक होतं, आणि ती ते मिरवायची.

मग तिच्याच पोरीचं, रय्याचं लग्न ठरलं, किनाऱ्यावरच्या घरात. त्यांच्यात नवरीला मुलाचा मामा नेतो, आपल्या गाडीतून. मामाचं नाव खमीस. पांढरीशुभ्र नवी गाडी घेऊन आला, आणि चाकं दगडासारखी टणक.

झुवैनाने चाकाला टाच लावून पाहिली. "ही अशी नेणार माझी पोर?"

"उम्म रय्या," रय्याची आई म्हणून तिला हाक मारत खमीस म्हणाला, "आम्हीही वाळूतलीच माणसं. समुद्राकाठी रोज गाडी पळवतो."

"तुमच्या वाळूला समुद्र रोज इस्त्री करून देतो. आमची झोपेतसुद्धा कूस बदलते."

सगळे हसले. खमीसही हसला. "बरं बाई, सोडा हवा. पण माझ्या गाडीची भाकरी थापू नका."

तिने चारही चाकांशी बसून हवा सोडली. चाक खाली उंटाच्या तळव्यासारखं पसरलं, तेव्हा उठली.

नंतर ती आत गेली पोरीला सजवायला. केसांना तेल लावता लावता दोघी रडत होत्या. बाहेर आमच्या बायका गाडी भरत होत्या. पाहुण्याची गाडी रिकामी पाठवणं आमच्या रक्तात नाही. नवरीची पेटी, हलव्याची भांडी, तुपाचे डबे, तांदळाचं पोतं, आणि वर पाय बांधलेल्या दोन बकऱ्या. झुवैनाचा नेहमीचा नियम असा की आधी सामान, मग वजन बघून हवा. त्या दिवशी उलटं झालं. रय्याला गालिच्यावरून गाडीत बसवताना तिच्या डोळ्यांना पोरीशिवाय काही दिसत नव्हतं.

ती पुढे आपल्या पिकअपमध्ये, मी तिच्या शेजारी, मागे खमीस. मोठ्या टेकाडाच्या कुशीला खमीसने आमच्यामागे येताना झटक्यात वळण घेतलं आणि हॉर्न वाजला. मागे वळून पाहिलं तर पांढरी गाडी एका बाजूला बसली होती. मागच्या चाकाचं रबर रिंगेवरून सुटलं होतं. अल्हम्दुलिल्लाह, उलटली नव्हती.

"हवा तुम्हीच सोडली होती ना?" खमीस म्हणाला.

"मीच. रिकाम्या गाडीच्या हिशेबाने. भरलेली पाहिली नाही. चूक माझी."

इतकं सरळ कुणी बोललं की पुढचा काय भांडणार? तो वाकून गाडीखाली बघू लागला. राखीव चाक गाडीच्या पोटाखाली होतं आणि पोट वाळूला टेकलं होतं.

"पोरीला उतरवू या," तो हळूच म्हणाला.

आतून रय्या म्हणाली, "उतरते अम्मा. इथे कोण बघतंय?"

"वर एक बघतो, आणि खाली तुझी सासू विचारणार आहे. बस गप्प."

सगळं सामान उतरवलं. बकऱ्या खमीसच्या हातात आल्या. जॅक वाळूत घुसू नये म्हणून झुवैनाने खाली फळी घातली, बाकीच्या चाकांना वाळूची टेकणं दिली आणि गाडी बोट बोट उचलली, सुटलेल्या चाकापुरतीच. आत पोर श्वास रोखून बसलेली. सणाचे हिरवे कपडे घातलेली माझी नणंद गुडघ्यांवर बसली. ओढणीच्या टोकाने तिने रिंगेतली वाळू कण न् कण पुसली, साबणाचं पाणी चोळलं. मग चाकाच्या पोटाभोवती उंटाचा दोर बांधला, त्यात काठी अडकवून पिळला, म्हणजे रबराच्या कडा रिंगेला भिडतात. पंप लावला. हवा आली तशी निघून गेली.

"होत नाही," खमीस म्हणाला.

"बकऱ्या धरा तुम्ही."

तिने काठीला आणखी एक पीळ दिला. ओठ हलत होते. मग आतून धप्प आवाज आला, पाठोपाठ दुसरा, आणि रबर रिंगेवर बसलं. "माशाल्लाह!" खमीस इतक्या मोठ्याने ओरडला की बकऱ्या दचकल्या.

जड सामान आमच्या पिकअपमध्ये आलं. मग तिने खमीसच्या गाडीच्या चारही चाकांत थोडी थोडी हवा भरली.

खमीसने किल्ली पुढे केली. "तुम्हीच न्या तिला."

"नको. तुमच्या घरची रीत आहे, मामाने न्यायची. माझ्या चाकोरीतून या, वळताना सावकाश. आणि उतारावर ब्रेक मारलात तर गाठ माझ्याशी आहे."

सासरी दारापर्यंत गालिचे अंथरले होते. मुलाची आई धूपदान घेऊन उभी होती. धुळीने माखलेली गाडी पाहून तिचा चेहरा बदलला. "उशीर केलात. पोर वाळूत उतरली नाही ना?"

झुवैना बोलणार तोच खमीस पुढे झाला. "नाही. वाळूला लागले ते हिच्या आईचे गुडघे. बघून घे."

हिरव्या कपड्यांवर दोन तपकिरी गोल डाग होते. विहीणबाईंनी पाहिलं, धूपदान खाली ठेवलं आणि झुवैनाचं कपाळ चुंबलं.

"चला आत, कहवा गार होतोय."

झुवैनाने ते डाग झटकले नाहीत. तशीच सगळ्या बायकांमधून चालत गेली. मी तिच्या मागून गेले. घमेंड अल्लाहला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तो मला माफ करो, पण त्या दिवशी माझी मान काही केल्या खाली होईना.